बंद दारामागची मालिका

आमच्या अण्णांचे ठिपके मानवतमध्ये प्रसिद्ध होते. अण्णा म्हणजे माझे वडील, गावातल्या वाचनालयाचे ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हटलं की लोकांना मोठी इमारत आणि काचेची कपाटं दिसतात. आमचं वाचनालय म्हणजे मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या दोन खोल्या, एक लांब बाक आणि वर्तमानपत्रं लावायच्या चार काठ्या. नामांतराच्या बातमीवरून बाकावर आवाज चढायला लागले की अण्णा टेबलावरची पितळी घंटी वाजवायचे, आणि भांडणारे बाहेर जाऊन भांडायचे. तर ठिपक्यांचं असं होतं, की नवं पुस्तक आलं की अण्णा ते आधी घरी आणायचे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि मग मागच्या पुठ्ठ्याच्या आत लाल पेन्सिलीनं ठिपके द्यायचे. एक ठिपका म्हणजे कुणीही वाचावं. दोन ठिपके म्हणजे मॅट्रिक झालेल्यांनी. तीन ठिपके म्हणजे लग्न झालेल्यांनी. हा अधिकार त्यांना कुणी दिला होता, हे मला आजवर कळलेलं नाही, पण त्या ठिपक्यांपुढं कुणी बोलत नसे. माझ्या वर्गातल्या पोरी मला बाजूला घेऊन विचारायच्या, "तीन ठिपक्यावाल्यात काय असतंय गं?" मी उगाच भुवया उंचावून "सांगता येत न्हाई" म्हणायचे. मलाही ठाऊक नव्हतं. ठिपक्यांच्या जोडीला त्यांची एक पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात प्रत्येक पुस्तकापुढं एक-दोन ओळींचा अभिप्राय लिहिलेला असायचा, वळणदार अक्षरात, कधीही दोन ओळींच्या वर नाही.

मी ज्या दिवसांबद्दल लिहितेय तेव्हा मी दहावीत होते आणि माझी धाकटी बहीण शोभा सातवीत. आमची आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. आईला आम्ही 'बाई' म्हणायचो, आमच्याकडं पुष्कळ घरांत तसंच म्हणत. बाईला कावीळ झाली, आधी गावठी औषध झालं, मग परभणीला दवाखान्यात नेलं आणि अकराव्या दिवशी जीपमधून परत आणलं ते तसंच. आम्हा दोघींना शेजारच्या द्वारकाकाकूंच्या घरात ठेवलं होतं. जीप आल्याचा आवाज आम्ही ऐकला, बायकांचं रडणं ऐकलं. मी दारापर्यंत गेले तर अण्णा स्वतः आले आणि म्हणाले, "मुलींनी बघण्यासारखं नाही." आणि काकूंच्या घराची बाहेरून कडी लावली. सगळं उरकल्यावर ती उघडली. तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं होतं. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात बधिर होतो, आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं ते सगळ्या अंगाला झालं होतं. मी शाळेत जात होते, गणितं सोडवत होते, भाकरी थापत होते. बायका म्हणायच्या, थोरली लय समजूतदार हाय. मला ते ऐकूनही काही वाटत नव्हतं.

आठ महिन्यांनी अण्णांनी दुसरं लग्न केलं. मुलगी राणीसावरगावची. तिच्या माहेरची माणसं दर साली उसाच्या तोडीला जायची, आणि ती स्वतःही लहानपणापासून कोयता चालवलेली. शाळा बघितलेली नाही. वयानं माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनीच मोठी. आम्हाला सांगण्यात आलं, हिला मावशी म्हणा. आम्ही मावशी म्हणू लागलो. लग्नाच्या आधी अण्णांनी सोनाराकडून एक टाक घडवून घेतला होता. आमच्याकडं पहिली बायको गेली आणि माणसानं दुसरी केली की दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. चांदीचा, नखाएवढा पत्रा, त्यावर बाईमाणसाचा आकार ठोकलेला. मावशीच्या काळ्या पोतीत दोन वाट्यांच्या शेजारी आमची बाई लटकत होती. मावशी तिला 'अक्का' म्हणायची. नवं लुगडं आलं की आधी पदराचं टोक टाकाला लावायचं, मग घडी मोडायची. जेवायला बसली की पहिला घास टाकापर्यंत न्यायचा आणि हळूच म्हणायचं, "अक्का, जेवा." येसराची आमटी असो नाहीतर नुसता ठेचा. मला ते बघवत नसे असं मी लिहिलं तर बरं दिसेल, पण खरं सांगायचं तर मी ते पंखा फिरताना बघावा तसं बघायचे. शोभा मात्र मावशी जेवायला बसली की ताट घेऊन तिच्या समोर बसायची आणि तिच्या तोंडाकडं न बघता गळ्याकडं बघत जेवायची.

टीव्ही आमच्या घरी आला तो चुकून. वालूरच्या मोठ्या काकांनी तो कापसाच्या चांगल्या सालात घेतला होता. पण तिकडं चित्र काही धरेना. अँटेना माळवदावर लावून झाला, लिंबाच्या झाडावर बांधून झाला, पडद्यावर मुंग्याच. शेवटी वैतागून त्यांनी तो बैलगाडीत कडब्यावर ठेवून आमच्याकडं पाठवला. आमच्याकडं चित्र बरं यायचं. काळा-पांढरा संच, पुढं सरकणारं लाकडी झाकण. तो ठेवला बैठकीच्या खोलीत, अण्णांच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी. गल्लीत दुसरा टीव्ही नव्हता, त्यामुळं दिवेलागण झाली की दहा-बारा पोरं, त्यांच्या आया, कधी एखादा म्हातारा, असं सगळं बैठकीत मावेल तसं बसायचं. द्वारकाकाकू हक्काच्या असल्यासारख्या सगळ्यात पुढं बसायच्या, टोपलीभर शेंगा सोलत. कार्यक्रम कुठलाही असो, शेतीचा असो नाहीतर बातम्या असोत, काकूंच्या टरफलांचा आवाज चालूच असायचा.

मग ती मालिका सुरू झाली. दर शुक्रवारी, हिंदी बातम्यांच्या आधी. गल्लीत तिला सगळे 'भुताची शिरेल' म्हणायचे आणि तेच नाव पुरे आहे. एक बाई मरते आणि आपल्याच घरात परत येते, एवढंच पहिल्या शुक्रवारी कळलं, कारण त्या मेलेल्या बाईचा हात खिडकीच्या गजावर दिसला आणि वीज गेली. नुसता हात. पण दुसऱ्या दिवशी काकूंची मंगल शाळेतून मध्येच घरी आली. एकटी परसाकडं जाईना. आणखी एका घरची पोरगी झोपेत ओरडली. रविवारी सकाळी अण्णा दाढी करत असताना द्वारकाकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ते भुताचं पोरींनी बघावं का न बघावं, तुमीच सांगा आता. पुस्तकाचं सांगता तसं. आमाला काय कळतंय?"

अण्णांनी आरशातूनच विचारलं, "बंदच करून टाकू का?"

"बंद कामून? चांगलं असंल तर बघू द्या की. पण मोठ्या मानसानं आधी बघून सांगावं."

काकूंना स्वतःला ती मालिका बघायचीच होती हे मला तेव्हाही कळलं होतं. पण अण्णांना ती विनंती फार गंभीर वाटली. त्यांनी तोंड पुसलं, चष्मा लावला आणि सांगितलं की एका भागावरून मत देता येत नाही. पुस्तक अर्धं तरी वाचावं लागतं. चार-पाच शुक्रवार आपण एकटे बघू, तोवर पोरांनी बाहेर बसावं, मग सांगू. काकूंनी मान हलवली. गल्लीला निकाल मान्य होता, निकाल लागायच्या आधीच.

आता विचार करते तेव्हा वाटतं, ही चूक अण्णांसारख्या माणसालाच सुचू शकते. पुस्तक मिटून ठेवलं की ते गप्प बसतं. त्यांना सगळ्या गोष्टी पुस्तकासारख्याच वाटत. शुक्रवारी बातम्यांच्या आधी ते बैठकीत जायचे, दोन फळ्यांचं दार लोटायचे, आतून कडी घालायचे. आणि आम्ही सगळी पोरं ओसरीवर, दारापासून चार हातांवर. दार जुनं, फळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट. दिसायचं काही नाही, फटीसमोर कपाटाची पाठ होती. ऐकू मात्र सगळं यायचं. सनईसारखं काहीतरी वाजायचं, मग वारा, मग दार करकरायचं. मग ती बाई बोलायची. पहिलं वाक्य दर वेळी तेच: "बच्चे सो गए?" अगदी हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. आमच्या भागात हिंदी-उर्दू सगळ्यांच्या कानावरचंच, त्यामुळं शेंबड्या पोरालाही अर्थ कळायचा. ओसरीवर कुणी हलायचं नाही. मंगल माझा दंड इतका घट्ट धरायची की बोटांचे वळ उठायचे. खिडकीतला हात तरी एकच होता. आता प्रत्येक पोरानं आपापली बाई तयार केली होती, कुणाची उलट्या पायांची, कुणाची बिनडोळ्यांची, आणि शनिवारी शाळेच्या मैदानात ती एकमेकांना दाखवली जायची. मला काही दिसत नव्हतं. मी आत भाकरीचं पीठ किती मळलंय याचा विचार करत बसायचे.

शोभाला जे दिसत होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या शुक्रवारी ती जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. चौथ्या शुक्रवारी तिनं दुपारीच केस धुतले, घट्ट दोन वेण्या घातल्या, सणाचा निळा परकर नेसली आणि ओसरीवर सगळ्यांच्या पुढं, दाराला जवळजवळ टेकून बसली. मालिका संपली की अण्णा कडी काढून बाहेर यायचे आणि सरळ न्हाणीकडं जाऊन तोंडावर पाणी मारायचे. त्यांचे डोळे लाल असायचे. काकू विचारायच्या, "काय भाऊजी, कसं काय?" ते म्हणायचे, "अजून ठरलं नाही." शोभा त्यांच्याकडं टक लावून बघत राहायची.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिनं मला विचारलं, "ताई, बाई रोज काय विचारायची गं अण्णाला, भांडी घासून झाल्यावर?"

मला आठवत होतं. बाई हात पुसत बैठकीच्या दारात यायची आणि विचारायची, पोरी झोपल्या का? आम्ही जाग्या असायचो, गोधडीत तोंड घालून हसत असायचो.

"पोरी झोपल्या का, असं," मी म्हणाले.

"मंग?" शोभा म्हणाली. "ती तेच विचारायलीय."

"ती टीव्हीतली बाई हाय, शोभे. नट्या असतेत त्या."

"मला ठाऊक हाय टीव्ही असतोय ते. मी काय येडी न्हाई. पण बाईला यायला दुसरं कोण्तं दार हाय? अण्णाला दिसती ती. म्हनून कडी घालतेत. म्हनून रडतेत." मग जरा वेळानं म्हणाली, "तवा बी आपल्याला बघू दिलं न्हाई."

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते आता मला पक्कं माहीत आहे. तिला जवळ घ्यायला हवं होतं, सकाळी अण्णांना सांगायला हवं होतं. मी "झोप आता" म्हणाले आणि कुशीवर वळले. तिचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही, खरंही वाटलं नाही. उद्या इतिहासाचा पेपर आहे एवढंच डोक्यात होतं. त्या दिवसांतल्या माझ्या कुठल्याच गोष्टीची मला लाज वाटत नाही, पण या एका "झोप आता"ची वाटते.

पाचव्या शुक्रवारी सकाळी मावशीनं सुशीला केला होता. मुरमुरे भिजवून, वर शेंगदाण्याचं कूट आणि भरपूर कोथिंबीर. बाईच्या हाताचा सुशीला गल्लीत नावाजलेला होता, मावशीचा जरा तिखट व्हायचा. शोभानं आपली ताटली उचलून फडताळात झाकून ठेवली, शाळेतून आल्यावर खाते म्हणाली. संध्याकाळी मी चुलीवर वरण ठेवून जाळ फुंकत होते तेव्हा मावशी न्हाणीतून ओले केस घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. हात गळ्याशी. अंघोळीच्या आधी ती पोत काढून खुंटीला अडकवायची. पोत तिथंच होती, वाट्या होत्या, काळे मणी होते. मधला टाक नव्हता. दोरा कात्रीनं कापून परत गाठ मारली होती, ती गाठ लहान हातांची होती.  टाक हरवणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. पहिली रागावते, घरात काही ना काही होतं, आणि जे होईल त्याचं खापर दुसरीच्या माथी फुटतं. गावाकडं टाक हरवला म्हणून माहेरी धाडलेली एक बाई तिच्या बघण्यातली होती. तिनं आरडाओरडा केला नाही. खुंटीखालची जमीन हातानं चाचपली, मोरीत हात घातला, आणि मला म्हणाली, "सुमन, अक्का गेली गं." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला ती पहिल्यांदा माझ्याच वयाची वाटली.

तेवढ्यात ओसरीवरून शोभाचा आवाज आला.

आम्ही दोघी बाहेर धावलो. आत मालिका सुरू झाली होती, वारा वाजत होता. पोरं भिंतीला चिकटून बसली होती आणि शोभा दाराशी गुडघ्यावर बसून दोन्ही मुठींनी दार बडवत होती. शेजारी सकाळची सुशीलाची ताटली. एका मुठीत काहीतरी घट्ट धरलं होतं, त्याची कड लागून मुठीतून रक्त आलं होतं.

"अण्णा, दार उघडा! मी जागी हाय म्हनून सांगा तिला! अण्णा, मी झोपले न्हाई!"

आतून अण्णांचा आवाज आला, जड, नाकात अडकलेला. "शोभे, घरात जा. मुलींनी बघण्यासारखं नाही."

शोभानं डोकं दारावर आपटलं. एकदा, आणि परत एकदा. मी चार हातांवर उभी होते. माझ्या हातात चुलीची फुंकणी होती. मला दिसत होतं, तिच्या कपाळावर टेंगूळ येतंय, मला पुढं व्हायला हवं हेही कळत होतं.  मी फुंकणी धरून उभी राहिले आणि दाराच्या कोयंड्याकडं बघत राहिले, त्याला वरच्या बाजूला गंज चढला होता.

मावशी पुढं झाली. तिनं आधी शोभाचं डोकं आपल्या हातानं धरलं, म्हणजे पुढचा आपटा दाराला न बसता तिच्या तळहाताला बसला. मग ती दाराशी तोंड नेऊन म्हणाली, "दार उघडा."

"तू सुद्धा? सांगितलं ना, बघण्यासारखं नाही म्हणून!"

"बघन्यासारखं न्हाई," मावशी म्हणाली, "मंग आइकन्यासारखं तरी हाय का? म्हैना झाला, पोरी आइकायल्यात."

 आत ती टीव्हीतली बाई बोलतच होती. लग्न झाल्यापासून मावशी अण्णांपुढं एवढं कधी बोलली नव्हती. पावसाळ्यात ते दार फुगायचं आणि झाडताना तीच ते उघडायची, त्यामुळं तिला त्याची खोड माहीत होती. तिनं डावी फळी खालून दोन्ही हातांनी उचलली, ऊस तोडणाऱ्या बाईचे ते हात, आणि खांद्यानं एक धक्का दिला. आत कडी सुटून पडल्याचा आवाज झाला.

अण्णा खुर्चीवर नव्हते. टीव्हीच्या पुढं, जमिनीवर, अगदी जवळ मांडी घालून बसले होते. वही बाजूला पालथी पडली होती. चष्मा हातात होता आणि तोंड भिजलेलं होतं. चष्म्याशिवाय त्यांना ते चित्र धूसरच दिसत असणार. आम्हाला बघून ते उठायला गेले, पण त्यांना उठता आलं नाही. मावशीनं त्यांच्याकडं एकदा बघितलं, पदर सावरला आणि ओसरीकडं वळून म्हणाली, "या रे सगळे. बसा हितं. काय हाय ते बघून घ्या एकदाचं."

पोरं आत आली. द्वारकाकाकूही कुठून तरी आल्या, शेंगांची टोपली न घेता. शोभाला मावशीनं मांडीवर घेतलं, बारा वर्षांची पोरगी, पाय जमिनीवर लोळत होते. मावशी तिला म्हणाली, "मला काय दावता भूत. मी तर रोज गळ्यात घेऊन हिंडायलेय. काय करती ती? जेव म्हनलं की जेवती."

पडद्यावर एक बाई उभी होती. पांढरं पातळ, मोकळे केस, तोंडाला इतकी पावडर की मान वेगळ्या रंगाची दिसत होती. केस वाऱ्यानं उडत होते पण मागचा पडदा हलत नव्हता. ती बारीक होती, उंच होती, भुवया कोरलेल्या. आमची बाई ठेंगणी, कपाळावर गोंदण, हसली की एक दात पडलेला दिसायचा. काकूंची मंगल हळूच म्हणाली, "हीच का?" आणि कुणीतरी फिसकन हसलं.

शोभा बराच वेळ बघत राहिली. मग मूठ उघडून टाकाकडं बघितलं, मग परत पडद्याकडं.

"ही तर कुनी बी हाय," ती म्हणाली.

आणि मग ती रडायला लागली. दीड वर्षात ती एकदाही रडली नव्हती, आणि आता तोंड उघडं टाकून, हेल काढून रडत होती. मावशीही रडत होती. अण्णांनी जमिनीवरूनच हात लांब करून शोभाचा पाय धरला आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "बघू द्यायला हवं होतं. बघू द्यायला हवं होतं तुम्हाला." ते त्या मालिकेबद्दल बोलत नव्हते, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. काकूंनी पोरांना हळूहळू उठवून बाहेर नेलं. मालिका तशीच चालू होती, तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

मी दाराला टेकून उभी होते. चुलीवरचं वरण करपल्याचा वास आला तेव्हा मी आत गेले, भांडं उतरवलं, वरचं चांगलं वरण दुसऱ्या भांड्यात काढलं आणि खालचं करपलेलं खरवडत बसले. बाहेरचं रडणं थांबेपर्यंत मी ते भांडं घासत होते. थोड्या वेळानं डोकावून बघितलं तर मावशी पोत परत गळ्यात घालून पाठ करून बसली होती आणि शोभा तिच्या गळ्यातली पोत सोडून टाक परत ओवत होती. गाठ तिनं तीनदा मारली.

पुढच्या आठवड्यापासून बैठकीचं दार उघडंच राहिलं. काकू निकाल विचारायला विसरल्या, कारण त्यांना आता दर शुक्रवारी पहिल्या रांगेत बसायला मिळत होतं. पोरं घाबरायची, ओरडायची आणि घरी जाऊन झोपायची. शोभा दोन शुक्रवार बसली, मग तिला त्याचा कंटाळा आला. अण्णांनी ठिपके देणं सोडलं नाही, पण त्यानंतर तीन ठिपक्यांची पुस्तकं फारशी निघाली नाहीत.

अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. दहाव्या दिवशी बायकांनी मावशीची पोत काढली, बांगड्या उतरवल्या. टाकाला हात घातला तेव्हा तिनं मूठ आवळली. "नवरा गेला तो गेला," म्हणाली, "हिला कुनाच्या भरवशावर सोडू?" तिनं तो काळ्या दोऱ्यात ओवून घातला, अजून आहे. शोभा नागपूरकडं असते, तिची मुलं मोठी झाली. मावशी परभणीला माझ्याकडं असते. माझं लग्न झालं नाही. तीस-बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झाले. मुली मला कडक म्हणायच्या. संध्याकाळी मावशी दिवाणावर बसून एकापाठोपाठ एक मालिका बघते, आणि मी दारात उभी राहून जाता-येता बघते. बसून बघायची सवय मला कधी लागलीच नाही.

मागच्या महिन्यात जुनी ट्रंक आवरताना ती पुठ्ठ्याची वही सापडली. शेवटाकडच्या एका पानावर, पुस्तकांच्या यादीत, मालिकेचं नाव होतं. पुढं लाल पेन्सिलीचा एकच ठिपका, आणि अभिप्राय. मावशीला वाचता येत नाही, म्हणून मी दारात उभ्या उभ्या तिला वाचून दाखवला.

"सर्वांस योग्य. मात्र एकट्याने पाहू नये."

मावशीनं टीव्हीचा आवाज बंद केला.  एक हात टाकाशी गेला होता. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "त्या दिशी आमी तिघं बी रडलोत. तू दाराला टेकून हुबी होतीस. हातात फुंकनी होती तुज्या."

"आठवतंय तुला?"

"मी तुला हाक मारनार होते, सुमन. पर तुजी बाई मी नव्हते. म्हनलं, ही मला कशाला आइकती?" तिनं दिवाणावरची उशी उचलून पलीकडं ठेवली आणि अंग चोरून सरकली. "आता तरी ये की. किती दिस हुबी ऱ्हातीस?"

मी वही मिटली आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. पडद्यावर कुणीतरी आवाजाविना बोलत होतं. मावशीनं माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, आणि टाकाची गार कड माझ्या गालाला लागली.